लग्न कोण लावणार, माती कोण देणार

मराठवाड्याच्या खेड्यांत गेल्या पाऊणशे वर्षांत धर्म पुष्कळ बदलला. हा बदल देवळाच्या गाभाऱ्यात उशिरा दिसतो. लग्नाच्या मांडवात आणि मसणवट्यात आधी दिसतो. देव बहुतेक जुनेच आहेत. पण लग्न कोण लावतो, बाळाचे नाव कोण ठेवतो, मयताच्या तेराव्याला उभे राहून कोण बोलतो, या प्रश्नांची उत्तरे आजोबांच्या वेळची राहिलेली नाहीत. जपानात किंवा अमेरिकेत ‘नवा धर्म’ म्हटले की नवा संस्थापक, नवा ग्रंथ आणि सभासदांची नोंदवही डोळ्यांपुढे येते. इकडच्या चळवळी जुन्याच संताचे बोट धरून येतात, आणि येताना विधी सांगण्याचा अधिकार एका हातातून काढून दुसऱ्या हातात देतात.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ. बीड जिल्ह्यातले घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले, बालाघाटाच्या पठारावरचे गाव. परळीहून लातूर रोड आणि पुढे विकाराबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचे स्टेशन आहे. खुद्द अंबाजोगाईला रेल्वे नाही. जुन्या धर्माची ठाणी या गावापासून फार दूर नाहीत. एका अंगाला परळी वैजनाथ. हे ज्योतिर्लिंग खरे की झारखंडमधल्या देवघरचे, हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यामुळे श्रावणातली गर्दीही कमी होत नाही. दुसऱ्या अंगाला अंबाजोगाई: कोकणस्थांची कुलदेवता योगेश्वरी, शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी, आणि लांबलचक कापडावर ‘पासोडी’ लिहिणारे दासोपंत. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की अहमदपूर हे लिंगायतांचे मोठे केंद्र. बीडच्या बाजूला डोंगरावर गड आहेत, आणि गावोगाव १९५६ नंतर बौद्ध झालेल्या वस्त्या आहेत. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक धार्मिक हालचाली याच वाटांनी पठारावर आल्या.

त्यांतली सर्वांत मोठी हालचाल नवी म्हणून कुणी मोजत नाही, कारण तिचे नाव जुने आहे: अखंड हरिनाम सप्ताह. वारकरी संप्रदाय सातशे वर्षांचा असला, तरी गावाने वर्गणी काढून, मंडप घालून सात दिवस जागायचे, हे आजचे भव्य रूप अलीकडच्या पिढ्यांत फोफावले. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, तिसऱ्या प्रहरी प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा दिवस ठरलेला. वीणा सात दिवस जमिनीवर टेकत नाही. तिच्या पहाऱ्याची यादी आधीच लावलेली असते, आणि रात्री दोन ते चारचा पहारा कुणाच्या वाट्याला आला यावरून गावात थोडी कुरकुर आणि बरीच थट्टा चालते. पंगतीसाठी घरटी भाकरी गोळा होतात, आमटीची कढई मात्र एकच. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन, दहीहंडी आणि महाप्रसाद. या सगळ्यात पुरोहिताला काम नाही. मृदंगमणी, गायनाचार्य, टाळकरी, वीणेकरी ही सगळी मंडळी कुठल्याही जातीची असू शकतात, आणि असतात.

सप्ताहाचे अर्थकारणही पाहण्याजोगे आहे. एकेका दिवसाची पंगत एकेका घराने उचलायची आणि फलकावर ‘अन्नदाते’ म्हणून नाव लावायचे, ही पद्धत रुळली आहे. नामवंत कीर्तनकाराची तारीख मिळवायला कधी कधी वर्षभर आधी माणूस धाडावा लागतो. मोबाइल आल्यापासून कीर्तनाचा श्रोता मंडपापुरता उरला नाही. यूट्यूबवर कीर्तने ऐकणारा ट्रॅक्टरवाला आणि हॉस्टेलवरचा पोरगा हे नवे श्रोते आहेत. त्यांना खिळवून ठेवायचे तर विनोद लागतो, टोमणे लागतात, आणि निरूपणाचा अभंग कधी कधी नुसता निमित्तापुरता उरतो. निवृत्तीमहाराज इंदुरीकर हे या नव्या श्रोतृवर्गाचे सर्वांत गाजलेले नाव. फेब्रुवारी २०२० मध्ये सम-विषम तिथीवरून मुलगा की मुलगी होते याविषयीच्या त्यांच्या विधानावरून गदारोळ उठला आणि प्रकरण न्यायालयात गेले. बीड जिल्ह्यात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे या जिल्ह्यात फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्याच जिल्ह्यात ‘मुलगी वाचवा’ हा कीर्तनाचा नेहमीचा विषय झाला, हेही नोंदवायला हवे.

सप्ताहाइतकाच महत्त्वाचा आहे गड. बीड आणि शेजारच्या पाथर्डीच्या डोंगराळ पट्ट्यात संतांच्या गाद्या गडांवर आहेत: नगद नारायण महाराजांचा नारायणगड, गहिनीनाथगड, आणि पाथर्डी तालुक्यातला भगवानगड. भगवानगड यांत सर्वांत तरुण. पाटोदा तालुक्यातल्या सावरगावात १८९६ साली जन्मलेले भगवानबाबा आधी नारायणगडाशी जोडलेले होते. तिथून बाहेर पडून त्यांनी आपला गड उभा केला. पशुबळी बंद करा, दारू सोडा, पोरे शाळेत घाला, ही त्यांची शिकवण, आणि नारळी सप्ताह ही त्यांची ठळक परंपरा. १९६५ साली ते गेले. वंजारी समाजात त्यांची तसबीर आज घराघरांत आहे, आणि ती कुलदैवताच्या बरोबरीने पुजली जाते.

दसरा आणि हा गड यांचे नाते समजायला ऊसतोडीचा हंगाम ध्यानात घ्यावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ट्रक ठरलेला असतो. पुढचे पाच-सहा महिने गाव ओस पडणार असल्याने सगळ्यांनी एकत्र भेटण्याचा शेवटचा दिवस दसरा. भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे यांनी याच दिवशी भगवानगडावर मेळावा भरवण्याची प्रथा रुजवली. ३ जून २०१४ रोजी ते गेले. पुढे गडाचे महंत नामदेवशास्त्री यांनी गडावरून राजकीय भाषण होणार नाही अशी भूमिका घेतली, आणि २०१६ मध्ये मुंडे यांच्या कन्या पंकजा मुंडे यांचा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला. २०१७ पासून तो भगवानबाबांच्या जन्मगावी सावरगावात भरतो. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला तिकडे सावरगावात पंकजा मुंडे आणि इकडे नारायणगडावर मराठा आरक्षणाचे नेते मनोज जरांगे, असे दोन मेळावे एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी झाले. संतांच्या गाद्या जातींच्या ओळखीची ठाणी होत चालल्या आहेत, याहून उघड पुरावा शोधण्याची गरज नाही. ज्या संप्रदायाने पंढरीच्या वाळवंटात जात विसरायला सांगितले त्याच्या वाटेवर हे घडावे, हे वारकऱ्यांनाही टोचते; महंतांचा नकार त्या टोचणीतूनच समजून घेतला पाहिजे.

लिंगायतांमधली हालचाल वेगळ्या जातीची आहे. तिथे प्रश्न नेत्याचा नसून धर्माच्या नावाचाच आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, बसवण्णांनी गळ्यात इष्टलिंग बांधायला सांगितले आणि देऊळ, यज्ञ, सोवळे-ओवळे बाजूला सारले. मराठवाड्यात ही परंपरा मराठीतून वाढली. मन्मथ स्वामींचा ‘परमरहस्य’ हा तिचा ग्रंथ आणि बीडजवळचे कपिलधार हे त्यांचे समाधिस्थान. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तिथे यात्रा भरते, आणि लातूर-अहमदपूरकडून पायी दिंड्या येतात. परमरहस्याचे पारायण, शिवकीर्तन, भजनी मंडळ, दिंडी हे सगळे पाहिले की वारकऱ्यांची सावली इथे किती गडद आहे ते कळते. गळ्यात तुळशीमाळेऐवजी लिंग आणि मुखी विठ्ठलाऐवजी शिव.

घरातली इष्टलिंगपूजा मात्र कुणाचीच नक्कल नाही. सकाळी कपाळाला विभूती लावायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे आणि त्यावर नजर लावून बसायचे. हात हाच देव्हारा, आणि पूजा करणाराच पुजारी. मेल्यावर जाळायचे नाही. बसवून माती द्यायची. इथे जंगमाचा अधिकार येतो. अंत्यविधीत मयताच्या माथ्याला जंगमाचे पाय लावण्याची जुनी रीत आहे, आणि बसवण्णांचा शब्द प्रमाण मानणारे आजचे सुधारक नेमके तिथेच अडतात. बसवण्णांनी जन्मावरून मोठेपणा नाकारला असेल तर जन्माने जंगम असलेल्याचे पाय कशासाठी? वीरशैव म्हणवणारा पक्ष रेणुकाचार्यादी पाच आचार्य आणि रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल, काशी ही पंचपीठे मूळ मानतो, आणि बसवण्णांना नंतरचे थोर सुधारक समजतो. दुसरा पक्ष बसवण्णांनाच धर्मसंस्थापक मानतो. बाहेरच्याला हा शब्दांचा खेळ वाटेल, पण लग्न आणि माती कुणाच्या हातून, हे त्यावरच ठरते.

२०१७ हे या वादाचे वर्ष. जुलैत बिदरला, ऑगस्टमध्ये बेळगावला आणि ३ सप्टेंबरला लातूरला लिंगायतांचे विराट मोर्चे निघाले. मागणी एकच, स्वतंत्र धर्माची मान्यता. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने न्यायमूर्ती नागमोहन दास समितीची शिफारस स्वीकारून केंद्राकडे पाठवली. केंद्राने ती मान्य केली नाही. मराठवाड्यातल्या लिंगायतांना दीर्घकाळ वळण लावणारे अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज १ सप्टेंबर २०२० रोजी लिंगैक्य झाले. याच पट्ट्यात अनुयायी असलेल्या माते महादेवी यांचा मार्ग आणखी पुढचा होता. स्त्री असून त्या जगद्गुरू झाल्या, आणि बसवण्णांच्या वचनांतली ‘कूडलसंगमदेव’ ही नाममुद्रा बदलून त्यांनी ‘लिंगदेव’ अशी केली. अशा बदललेल्या वचनांच्या पुस्तकावर कर्नाटक सरकारने घातलेली बंदी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. संस्थापकावरची निष्ठा इतकी की त्याच्या ओळीतही दुरुस्ती करावीशी वाटली. नव्या चळवळींत असे प्रसंग येतातच.

बौद्धांच्या बाबतीत बदलाला तारीख आहे: १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते, आणि देशातल्या दर चार बौद्धांत तीनहून अधिक इथले. दीक्षेनंतर पहिला व्यावहारिक प्रश्न विधींचाच होता, कारण खेड्यात भिक्खू कुठून आणायचा? डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेने त्यावर बौद्धाचार्य तयार केले. बौद्धाचार्य संसारी असतो. शिक्षक, एसटीतला वाहक, शेतमजूर, कुणीही शिबिर करून होऊ शकतो. पांढऱ्या वस्त्रांतले वधूवर, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, आणि अक्षतांऐवजी फुले. मंगल परिणय अर्ध्या तासात आटोपतो. मुहूर्त नाही, मानपान कमी. हुंडा मात्र या विधीने संपला नाही, हे बौद्ध लेखकांनीच स्पष्टपणे मांडले आहे.

या पायावर पुढे दोन वेगळ्या वाटा आल्या. पुण्यात लोकमित्र यांनी सुरू केलेले, इंग्रज भिक्खू संघरक्षितांच्या परंपरेतले काम आज त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून चालते. १९७६ पासून इगतपुरीत सत्यनारायण गोएंका यांनी विपश्यना शिकवली. विपश्यनेला गेलेला आंबेडकरी तरुण परतल्यावर घरात वाद होतो: डोळे मिटून बसणे म्हणजे लढ्याकडे पाठ फिरवणे का? आंबेडकरांनी धम्माचा अर्थ समाजाच्या अंगाने सांगितला होता, आणि हा वाद त्या अर्थाशी निष्ठा कशी राखायची याचाच आहे.

बीड जिल्ह्याची या इतिहासातली खास नोंद मातंग समाजाची. दुकडेगावचे एकनाथ आवाड यांचे वडील पोतराज होते. कडकलक्ष्मीचा गाडा, अंगावर आसूड, न कापलेले केस. बापाचे ते केस आवाडांनी कापले, आणि मानवी हक्क अभियानातून गायरान जमिनीचे लढे लढवताना पोतराजकी सोडवण्याची मोहीमही चालवली. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास त्यांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. २०१५ मध्ये ते वारले. बीडचेच हनुमंत उपरे यांनी सत्यशोधक ओबीसी परिषदेतर्फे ओबीसींना बौद्ध धम्माकडे नेण्याची चळवळ उभारली. त्यांचेही निधन २०१५ मध्येच झाले. दोघांच्याही मागे लाखांचे लोंढे गेले नाहीत. पण आंबेडकरी वस्तीबाहेरच्या माणसालाही धर्म बदलण्याचा विचार करता येतो, हे त्यांनी जिल्ह्याला दाखवले.

मराठा समाजात हीच ओढ शिवधर्माच्या रूपाने आली. १ सप्टेंबर १९९० रोजी पुरुषोत्तम खेडेकर यांनी मराठा सेवा संघ स्थापला, आणि १२ जानेवारी २००५ रोजी, जिजाऊंच्या जयंतीला, सिंदखेड राजा येथे शिवधर्म प्रकट झाला. त्याची वैचारिक मांडणी आ. ह. साळुंखे यांची. पुरोहिताशिवाय लग्न, जिजाऊ वंदना, ‘जय जिजाऊ’ हा नमस्कार, आणि मूळ जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विवाहात, म्हणजे १८७३ मध्ये. धर्म म्हणून शिवधर्म फार पसरला नाही. बहुतेक घरांनी जिजाऊंची प्रतिमा घेतली आणि सत्यनारायणही ठेवला. पण पत्रिकेवर गणपतीच्या जागी जिजाऊ-शिवराय छापणे, भिंतीवर ‘जय जिजाऊ’ लिहिणे, हे साधे झाले. धर्म म्हणून जे टिकत नाही ते रीत म्हणून मुरते, याचा हा नमुना.

बाकीच्या हालचाली थोडक्यात सांगता येतील. पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने महाराष्ट्राच्या खेड्यांत भक्तिफेरी आणि योगेश्वर कृषी नेली. २००३ मध्ये शास्त्रीजी गेल्यानंतर तो जोर ओसरला. दिंडोरीच्या स्वामी समर्थ सेवामार्गाची केंद्रे मात्र वाढत राहिली, आणि तिथली बहुसंख्या बायकांची. आरती, सामुदायिक पारायण, बालसंस्कार वर्ग हे सगळे त्या चालवतात. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये असा जुना दंडक होता. केंद्रांत तो पुष्कळ सैल झाला. अंगारे-धुपारे आणि ग्रहपीडेचे उपायही तिथे दिले जातात म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनवाले या केंद्रांवर नाराज असतात, आणि ती नाराजी रास्त आहे. तरीही चूल आणि शेत यांपलीकडे गावातल्या सुनेला उठून जाता येईल अशी जागा केंद्राने दिली, हे त्या नाराजीने पुसले जात नाही. मुसलमानांत दर्ग्याचा उरूस आणि मुजावर यांच्याशेजारी तबलीग जमात उभी राहिली: गटागटाने फिरणारी, साधी राहणी, नमाज पक्की. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगावला तिचा राज्यस्तरीय इज्तेमा भरला होता. पिराला नवस करणारी आजी आणि जमातीत जाऊन आलेला नातू यांचा वाद, विपश्यनेवरून होणाऱ्या बौद्ध घरातल्या वादापेक्षा फार निराळा नसतो.

स्त्रियांचा अधिकार हा या सगळ्यांना छेदून जाणारा धागा. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी सत्तरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञानप्रबोधिनीने ते काम वाढवले. जानेवारी २०१४ मध्ये पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयात संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना पूजेच्या कामासाठी बोलावले. एप्रिल २०१६ मध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा मेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये जोग महाराजांनी काढली तेव्हा बाई कीर्तनाला उभी राहील असे कुणाच्या मनात नव्हते. आज बीडमधल्या सप्ताहाच्या फलकावर ह.भ.प. लावलेली स्त्रियांची नावे असतात, आणि त्यांची तारीखही सहज मिळत नाही. वीणेचा पहारा मात्र अजून बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच आहे.

मयताच्या रीतीत बदल सावकाश होतो. पुण्यस्मरणाला पिंडदानाबरोबर, काही घरांत त्याऐवजी, कीर्तन ठेवण्याची पद्धत आली. राख नदीत न सोडता बांधावर खड्ड्यात टाकून आंब्याचे रोप लावणारी घरेही आहेत. गोड जेवणाच्या पंगती मात्र कमी झाल्या नाहीत. कर्ज काढून तेरावे करणाऱ्याला कीर्तनकार मांडवातच खडे बोल सुनावतो, आणि त्याच पंगतीला जेवून पुढच्या गावी जातो.

कायद्याच्या पोटात या साऱ्या भेदांपैकी फार थोडे शिरले आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वीरशैव आणि लिंगायतांना नावानिशी हिंदूंत धरतो, आणि बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू होतो. म्हणून बौद्धाचार्याने लावलेले लग्न आणि गुरुजींनी लावलेले लग्न एकाच कायद्याखाली येते. अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. १९९० च्या दुरुस्तीपूर्वी बौद्ध झालेल्या अनेकांनी कागदावर ‘हिंदू’ राहणे का पसंत केले, ते यावरून कळते. धर्मांतरित ख्रिश्चनांना या सवलती नाहीत, आणि खेड्यांतल्या प्रार्थनासभांना जाणारे पुष्कळ लोक शाळेच्या दाखल्यावर जुनाच धर्म ठेवतात त्याचे कारणही तेच.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे, आणि तीत प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. २०११ मध्ये सहा धर्मांना ठरलेले क्रमांक होते. सातवे काही सांगितले तर पूर्ण नाव लिहायचे. लिंगायत संघटना गावोगाव तेच सांगतात: रकान्यात ‘लिंगायत’ असे पूर्ण लिहायला लावा. बौद्ध संघटना जातीच्या रकान्याविषयी सूचना देतात. प्रगणकाला उत्तरे मात्र बहुधा घरातला कर्ता पुरुष देतो. परमरहस्याच्या पारायणाला बसणारी सासू, स्वामींच्या केंद्रात जाणारी सून आणि काल्याच्या कीर्तनाला टाळ धरणारा मुलगा यांची नोंद त्याच्या एका शब्दावर होते.